डॉक्टर, एखादा चांगला पिक्चर सांगा

या महिन्यात सदराकडं आलेली पत्रं आणि मेसेज चाळले. निम्म्याहून जास्त लोकांना माझ्याकडून सल्ला नको, यादी हवी आहे. कुठला पिक्चर दाखवू, कुठलं नाटक, कुठलं पुस्तक, यूट्यूबवर कोणाला ऐकू. माझ्या मानसोपचाराच्या ओपीडीतही तेच. पेशंट बाहेर बाकावर बसलेला असतो आणि मेहुणा आत येऊन हळूच म्हणतो, "याला काहीतरी बघायला सांगा की मॅडम, गोळ्या कशाला?" म्हणून या वेळी याच प्रश्नांची उत्तरं देते. गोष्टीनं माणूस बोलता होतो, हे मी रोज बघते. बोलता झाल्यावर त्याला कुठं न्यायचं, हे मात्र पिक्चर सांगत नाही.

दिवसभर दुकानात डोकं तापतं. रात्री विनोदी मालिका बघितली तर मनाला चांगलं का? (विटा)

चांगलं. साडेदहाला बंद करा.

मी आठवी-नववीला शिकवते. मुलांना भावनांविषयी काही दाखवायचं आहे, भाषण नको. काय दाखवू? 'तारे जमीन पर' चालेल का? (सांगली)

'इन्साइड आऊट' दाखवा. पिक्सारचा ॲनिमेशनपट आहे, पहिला भाग 2015चा, दुसरा 2024चा. अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात आनंद, दुःख, राग, भीती आणि किळस अशी पाच पात्रं राहतात. पहिल्या भागात आनंद ही दुःखाभोवती खडूनं गोल काढते आणि बजावते, या गोलातून बाहेर यायचं नाही, तुझं काम एवढंच. तिथं पिक्चर थांबवा आणि मुलांना विचारा, तुमच्या घरी हा गोल कोण काढतं? एका वर्गात मी हे केलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "आजोबा गेले तेव्हा मला रडू दिलं नाही, पाहुण्यांना चहा द्यायला लावलं." त्यानंतर तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. दुसऱ्या भागात ती मुलगी तेरा वर्षांची होते आणि चिंता येऊन सगळा ताबा घेते. तुमच्या नववीला तोच जास्त लागू पडेल.

फक्त नंतर 'या चित्रपटातून मिळालेला बोध' असा निबंध लिहायला लावू नका, हात जोडते. आणि एखादं मूल वर्ग सुटल्यावर मागं रेंगाळलं तर त्याच्याशी बोला, गरज वाटली तर पालकांना बोलवा.

'तारे जमीन पर' चालेल. त्या पिक्चरनं 2007 मध्ये डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला अडचण येणं) हा शब्द घराघरांत नेला. पण तो बघून 'आमच्यालाही तेच' म्हणून घरीच शिक्कामोर्तब करणारे पालक मला भेटतात. आधी डोळे आणि कान तपासा, मग बुद्धीची आणि वाचन-लेखनाची चाचणी करून घ्या. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर अधिकृत प्रमाणपत्र लागतं, आणि ते दहावीच्या जानेवारीत धावत येऊन मिळत नसतं.

वडील 74 वर्षांचे आहेत. तेच तेच विचारतात, रस्ता चुकतात. 'अस्तु' त्यांना दाखवला तर स्वतःचं स्वतःला कळेल का? (मिरज)

त्यांना दाखवू नका. तुम्ही बघा, आणि सुना-जावयांसह सगळ्यांनी बघा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित डॉ. मोहन आगाशे यांनी केले आहेत, आणि आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. मुलगी वडिलांना गाडीत बसवून जरा वेळ जाते, तेवढ्यात हत्ती दिसतो आणि ते त्याच्या मागं निघून जातात. तो 'जरा वेळ' नीट बघा. तुमच्या गावात तर जंक्शन आहे, बाजार आहे, उरुसाची गर्दी आहे. वडिलांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात आतून नाव आणि तुमचा मोबाईल नंबर लिहिलेली कापडी पट्टी शिवून टाका. चिठ्ठी ठेवलीत तर ती धुण्यात जाते.

आणि 'वयच झालं की' म्हणून घरात बसू नका. थायरॉईड बिघडला, बी-12 कमी झालं, माणूस उदास झाला, पडल्यामुळं डोक्यात रक्त साचलं, तरी विसरायला होतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. तो वेळेत झाला तर. तपासण्या आधी, पिक्चर नंतर.

धाकटा भाऊ दोन वर्षं एकटाच बोलतो. शेजारी कट करतात म्हणतो. देवऋषी करून झाले. 'देवराई' दाखवा असं कुणी म्हणालं. शॉक देतील, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात टाकतील म्हणून आई डॉक्टरकडं येऊ देत नाही. (जत)

दोन वर्षं! देवऋष्याकडं चार खेपा घालायला वेळ मिळाला, सिव्हिलच्या ओपीडीत एक खेप नाही.

'देवराई' (2004) तुमच्या आईला दाखवा. अतुल कुलकर्णीनं स्किझोफ्रेनिया झालेला शेष केला आहे आणि सोनाली कुलकर्णीनं त्याची बहीण. आजाऱ्यापेक्षा घरातल्यांची तारांबळ त्यात बघण्यासारखी आहे. भावाला मात्र आत्ता नको. आपल्याविरुद्ध कट चाललाय असं ज्याला ठाम वाटतं, त्याला हा पिक्चर आपल्यावरच काढलाय असंही वाटू शकतं.

शॉकचं म्हणाल तर हिंदी पिक्चरवाल्यांनी आपलं फार नुकसान केलंय. चौघांनी धरलेला, ओरडणारा, तोंडाला फेस आलेला नायक. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ही उपचारपद्धती वापरायला बंदी आहे. आणि बहुतेकांना तिची गरजच लागत नाही, गोळ्यांवर भागतं, घरी राहून. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. या आठवड्यात या.

मुलगा सतरा वर्षांचा, मेडिकलची 'नीट' परीक्षा रिपीट करतोय. आत्महत्येवरची एक इंग्रजी सीरिज त्यानं पुन्हा पुन्हा बघितली. आता स्टेटसला तसलीच वाक्यं. घरातले म्हणतात, प्रेरणादायी पिक्चर दाखव. मी काही विचारायला गेले तर नसलेलं डोक्यात येईल अशी भीती वाटते. (पलूस तालुका)

या ताईंना मी सदर छापायची वाट न बघता फोन केला आहे. इथं लिहिते ते बाकीच्या घरांसाठी.

विचारा. आडून नको, सरळ विचारा: "तुला जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं विचार पेरला जातो, ही आपल्याकडची सगळ्यात घातक ऐकीव गोष्ट आहे. ज्याच्या डोक्यात तसं काही नाही तो "काय आई, काहीपण!" म्हणेल. ज्याच्या डोक्यात आहे त्याला, अखेर कुणीतरी विचारलं, म्हणून हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर शपथा घालू नका, 'आमचा तरी विचार कर' म्हणू नका. ऐकून घ्या, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं आणा. रात्र असेल तर 14416 लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

आता सीरिजचं. गोष्टीचा असा परिणाम होतो का, हा वाद जुना आहे. 1774 मध्ये गटे या जर्मन लेखकाची एक कादंबरी आली, प्रेमभंगानंतर नायक जीव देतो अशी. वाचून तरुण त्याचं अनुकरण करतात अशी ओरड झाली आणि काही ठिकाणी पुस्तकावर बंदी आली. त्या नायकाच्या नावावरून 1974 मध्ये एका अमेरिकन अभ्यासकानं अशा अनुकरणाला 'वेर्थर परिणाम' म्हटलं. पण याची दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही. मोझार्टच्या एका संगीतिकेत पापागेनो नावाचं पात्र जीव द्यायला निघतं, आणि तीन मुलं येऊन त्याला, अरे, तुझ्याजवळ अजून घंटा आहेत, त्या वाजव की, अशी आठवण करून देतात. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी 2010 मध्ये मांडलं, की असे विचार येऊनही सावरलेल्या माणसांच्या बातम्या छापल्या गेल्या, तेव्हा पुढं आत्महत्या कमी दिसल्या. म्हणजे विषय टाळायची गरज नाही, तो कसा दाखवलाय हे बघायची आहे. 'थर्टीन रीझन्स व्हाय' या सीरिजमधलं आत्महत्येचं दृश्य नेटफ्लिक्सनं जुलै 2019 मध्ये काढून टाकलं. सीरिज आली होती 2017 मध्ये. दोन वर्षं डॉक्टर आणि पालक ओरडत होते.

सीरिजनं मुलगा आजारी पडला, असं मी म्हणत नाही. एखादं मूल तेच तेच बघतं, कारण त्याला तिथं आपलं काहीतरी दिसतं. म्हणून मोबाईल हिसकावून घेतला की काम झालं, असं समजू नका. शेजारी बसा आणि विचारा, यातलं तुला कुठलं आपलं वाटलं? आणि तो प्रेरणादायी पिक्चर राहू द्या. खचलेल्या मुलाला 'बघ, त्यानं करून दाखवलं' म्हणणं म्हणजे तापानं फणफणलेल्याला पुरणपोळी वाढणं. पोळीत काही वाईट नाही. त्याला ती जाणार नाही, आणि 'एवढं करून वाढलं तरी खात नाही' हेही वर ऐकावं लागेल.

अजून एक गोष्ट, आणि ती पलूस-तासगावच्या प्रत्येक बागायतदाराला उद्देशून आहे. द्राक्षाची औषधं तुमच्या घरात कुठं असतात? माळ्यावर, गोठ्यात, जिन्याखाली, अर्धे भरलेले डबे, कुलूप नाही. जीव द्यायची उबळ पुष्कळदा थोडाच वेळ टिकते. त्या वेळात हाताशी काही सापडलं नाही तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढं जगतात. औषधं घराबाहेर, कुलपात ठेवा आणि किल्ली एकाच मोठ्या माणसाकडं ठेवा. आजीच्या उरलेल्या गोळ्यासुद्धा. हे आज संध्याकाळी करा.

'परीक्षा झाली की आणतो' असं म्हणू नका. नीट मे महिन्यात असते, आजार तारखा बघत नाही. तुम्हा आईवडिलांना काही बघायचंच असेल तर 'कासव' बघा. जगण्यावरचं मन उडालेला एक तरुण आणि त्याला आसरा देणारी बाई. 2016च्या चित्रपटांतून त्याला सुवर्णकमळ मिळालं. ती बाई त्याला काय काय विचारत नाही, तेवढं टिपून ठेवा. मुलाला तो कधी दाखवायचा हे त्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

नवरा रोज पितो. भावे नाट्यमंदिरात 'एकच प्याला' लागलं तर नेऊ का? बघून सुटेल का? (गावभाग, सांगली)

न्या. सुटणार नाही. गडकऱ्यांचं हे नाटक 1919 मध्ये रंगभूमीवर आलं, तेव्हापासून तळीरामाच्या वाक्यांना सगळ्यात जास्त हशा पिणाऱ्यांचाच येतो. तुम्ही मात्र सिंधूसारखं सोसत बसू नका. अनिल अवचटांचं 'मुक्तांगणची गोष्ट' वाचा. पुण्यातलं हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून चालू आहे. व्यसनाच्या आजारात घरच्यांनी काय करायचं आणि काय करायचं नाही, ते त्यातून कळेल.

दोन गोष्टी धोक्याच्या. रोज पिणाऱ्यानं शपथ घेऊन एकदम बंद केली, तर दोन-तीन दिवसांत कंप, भास, फिट असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. बंद करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुसरं, भिंतींवर 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' म्हणून जाहिराती असतात. आमटीत कालवायच्या त्या पावडरीत काय असतं हे विकणारा सांगत नाही. दारूशी उलटणारं औषध त्यात असलं आणि वरून तो प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. घेऊ नका.

दोन दिवसांचं 'चित्रपट थेरपी' शिबिर आहे. आधी पैसे भरले तर सवलत, शेवटी थेरपिस्टचं प्रमाणपत्र. करू का? (सातारा)

पिक्चर बघायला जायचं तर जा, पैसे तुमचे. दोन दिवसांत थेरपिस्ट होता येत नाही. शिबिर घेणाऱ्याला नोंदणी क्रमांक मागा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते, मानसोपचारतज्ज्ञाची मेडिकल कौन्सिलकडं. क्रमांक मागितल्यावर समोरून आणखी सवलत आली, तर काय ते समजा.

यूट्यूबवर मराठीत विश्वासानं काय ऐकावं? (आष्टा)

ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचं 'आवाहन' चॅनल.

रीलमध्ये सांगितलेली एडीएचडीची (लक्ष न लागण्याच्या विकाराची) सगळी लक्षणं मला जुळतात. वय 26. औषध कुठलं? (सांगली)

झोप झाली नाही तरी लक्ष लागत नाही. काळजीनं लागत नाही, थायरॉईडनं लागत नाही, आणि रात्री दोनपर्यंत रील बघितल्यानंही लागत नाही. एडीएचडी म्हणायला लक्षणं बारा वर्षांच्या आतली असावी लागतात. प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं शोधा, आईला बरोबर घ्या आणि तपासायला या. औषधाचं नाव इथं छापणार नाही.

एक पॉडकास्ट ऐकून बरं वाटलं, म्हणून डिप्रेशनच्या गोळ्या गेल्या सोमवारपासून बंद केल्या. आता गरगरतं, मळमळतं, चिडचिड होते. पॉडकास्टचा पुढचा भाग ऐकू का? (मिरज)

गोळ्यांनी बरं वाटायला लागलं होतं, म्हणून पॉडकास्ट ऐकवला, असं असण्याची शक्यता जास्त. गरगरणं-मळमळणं गोळ्या एकदम तोडल्याचं असू शकतं. आपल्या मनानं पुन्हा पूर्ण डोस सुरू करू नका. ज्यांनी गोळ्या लिहून दिल्या त्यांना आज फोन करा आणि कुठल्या दिवसापासून बंद केल्या ते खरं सांगा.