पायरेट्सचे सर्वकालीन पाच: आधी वॅग्नर, मग क्लेमेंटे

पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या सर्वकालीन पाच खेळाडूंच्या यादीत मी होनस वॅग्नरला रोबेर्टो क्लेमेंटेच्या वर कसं ठेवतो आणि बॅरी बॉन्ड्स इतका खाली का, असं तुम्ही विचारलंत.

निकष एकच. पायरेट्सच्या जर्सीत जे केलं, तेवढंच धरायचं. बॉन्ड्सचे एकूण होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) ७६२, त्यातले पिट्सबर्गसाठी १७६. सात मोसम आणि दोनदा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, हे थोडंथोडकं नाही, पण १९९० ते ९२ सलग तीन वर्षं संघ प्लेऑफला, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीला, गेला तेव्हा त्याची बॅट चाललीच नाही. म्हणून पाचवा. चौथा पॉल वेनर.

वॅग्नर १९०० ते १९१७ इथे खेळला. लीगमधल्या सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा (फलंदाजीच्या संधींपैकी किती वेळा हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठला, ते प्रमाण) किताब त्याने आठ वेळा घेतला, तोही बहुतेक वेळा शॉर्टस्टॉपला खेळून. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली ही जागा इतकी कामाची, की तिथे संघ आधी क्षेत्ररक्षण बघतात; फलंदाजी जमली तर बोनस. हा दोन्हींत अव्वल! १९०९च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, टाय कॉब या दिग्गज फलंदाजाचं डेट्रॉइट समोर असताना पायरेट्स जिंकले. १९३६ साली हॉल ऑफ फेमची, म्हणजे बेसबॉलमधल्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीची, पहिली निवड झाली, तेव्हा वॅग्नरला होम रनसाठी गाजलेल्या बेब रूथइतकीच मतं पडली, २१५.

क्लेमेंटेला दुसरा लिहिताना माझा हात दर वेळी अडखळतो. राइट फील्डच्या (मैदानाच्या उजव्या बाहेरच्या भागाच्या) कोपऱ्यातून थेट तिसऱ्या बेसवर येणारा त्याचा थ्रो जुन्या चित्रफितींत एकदा बघाच. १९७१च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सातही सामन्यांत हिट, सरासरी .४१४. ३० सप्टेंबर १९७२ला ३०००वा हिट. ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं, आणि नियमित मोसमांतला तो आकडा बरोबर ३०००वर राहिला. आजच्या मैदानातली राइट फील्डची भिंत २१ फूट उंच आहे; त्याच्या जर्सीचा नंबर २१. माणूस म्हणून त्याच्या जवळपासही कुणी नाही. पण ही यादी खेळाची आहे.

तिसरा विली स्टारजेल. ४७५ होम रन, सगळे पायरेट्ससाठीच. १९७९च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, वयाच्या ३९व्या वर्षी, संघाला आघाडी मिळवून देणारा होम रन त्याचाच.

बिल मॅझरोस्की माझ्या पाचांत नाही. तरी १३ ऑक्टोबर १९६०ला, सातव्या सामन्यात ९-९ अशी बरोबरी असताना, त्याने न्यूयॉर्क यँकीज संघाविरुद्ध मारलेल्या होम रनवर वर्ल्ड सिरीज संपली. तो सामना झाला ते पायरेट्सचं जुनं मैदान, फोर्ब्स फील्ड, पाडलं, पण त्याच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे. दर १३ ऑक्टोबरला चाहते तिथे जमून त्या सामन्याचं जुनं रेडिओ समालोचन लावतात. त्या सुमारास पिट्सबर्गला असलात, तर जरूर जा.