जुनी हायब्रिड गाडी (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली) लिटरला कधी 24 किलोमीटर देते, कधी 17, मग बघायचं काय?

अरे, आधी डॅशबोर्डवरचा आकडा विसर. टाकी फुल कर, ट्रिप मीटर शून्य कर, परत फुल करताना किती लिटर गेलं ते लिहून ठेव, असं निदान तीन-चार वेळा. एका टाकीवरून काही कळत नाही, कारण पंप कधी आधीच कट होतो कधी उशिरा आणि आपण उगाच गाडीला शिव्या घालतो.

रोजचं अंतर दोन-तीन किलोमीटर असेल तर अर्धं उत्तर तिथंच आहे. इंजिन गरम होईपर्यंत ते बंदच होत नाही, मग हायब्रिड असून फायदा काय! लांब जाऊनही इंजिन गार राहत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडा अडकलाय का बघ.

टायरची हवा गार असताना चेक कर. मग वीसेक मिनिटं चालवून चारही चाकांजवळ हात ने (रिमला लावू नको, भाजेल), एखादं जास्तच तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय. हायब्रिडमध्ये मोटरच बराचसा ब्रेक लावते त्यामुळे कॅलिपरच्या (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणारा भाग) पिना वापराविना गंजतात, माझ्या गाडीत हेच निघालं आणि मी महिनाभर बॅटरीच्या नावानं रडत होतो.

मोठ्या बॅटरीचं शेवटी बघ. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटजवळ तिच्या फॅनची जाळी असते, ती धुळीनं भरली की बॅटरी तापते आणि इंजिन जास्त चालतं. साफ करूनही फरक नाही पडला तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून, बॅटरीवर जोर पडत असताना तिच्यातल्या ब्लॉकचे, म्हणजे सेलच्या गटांचे, व्होल्टेज बघ, एखादाच बाकीच्यांपेक्षा खूप खाली जात असेल तर मग खर्चाची तयारी ठेव.