पासपोर्ट कुणाच्या कपाटात?

चि. मुली,

नोकरीसाठी निघालीस, पण दुबई सुरक्षित आहे का, एवढंच तू पुन्हापुन्हा विचारतेस. रात्री अकराला एकटीने घरी येता येतं का? येतं. मेट्रोत बायका-मुलांसाठी वेगळा भाग असतो, गुलाबी टपाच्या टॅक्सीची चालकही बाईच असते. वाशी स्टेशनबाहेर तू पर्स जशी छातीशी धरतेस, तशी तिथे धरावी लागणार नाही.

मला धास्ती आहे ती याच निर्धास्तपणाची. रस्ते शांत दिसले की माणूस कागदही डोळे मिटून घेतो, आणि परक्या माणसाची मान तिथे कागदातच अडकते.

तेव्हा पहिली गोष्ट: पासपोर्ट तुझ्याकडे. ‘ऑफिसच्या तिजोरीत नीट राहील’ असं गोड बोलून मागतील. तिथल्या कायद्याने मालकाला तो ठेवून घेता येत नाही. पूर्वी व्हिसाचं स्टिकर लावायला तरी द्यावा लागायचा. 2022 पासून ते स्टिकरही गेलं, एमिरेट्स आयडी हे तिथलं ओळखपत्रच आता राहण्याचा पुरावा. मग त्यांना हवाय कशाला? झेरॉक्स द्यायची, मूळ दाखवायचा, परत पर्समध्ये टाकायचा. एखाद्या कामापुरता द्यावाच लागला तर परतीची तारीख घातलेली लेखी पोच घे. ‘एचआरला काय वाटेल’ हे मला ऐकवू नकोस.

‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ’ म्हणणाऱ्या एजंटला आजच नाही सांग. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा. पगार बुडाला तर तक्रार करायला गेलेली तूच गुन्हेगार ठरशील. शिवाय मुदत उलटली की दिवसाला 50 दिरहम दंड. आपल्याकडचा परवानाधारक एजंट 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि त्याचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येतो. यूएईच्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, हेही त्याला ऐकव. चेहरा बघ मग.

खोली शेअर करणार असशील तर भाडेकरार एजारीत, म्हणजे दुबईच्या सरकारी भाडेकरार नोंदणीत, नोंदलेला आहे ना आणि तुझं नाव राहणाऱ्यांत आहे ना, ते पाहा. परवानगीशिवाय पार्टिशन घातलेल्या खोल्या स्वस्त असतात, पण बेकायदा. तपासणी झाली की सामान रस्त्यावर.

औषधांत कोडीनचं खोकल्याचं सिरप आणि ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक तिथल्या सरकारी मंजुरीशिवाय नेऊ नकोस. आईला अनारसे देऊ नकोस म्हणावं, खसखस तिथे बंद आहे. विमानतळावर कुणाचंही पार्सल घ्यायचं नाही, ओळखीच्या काकूंचंही नाही. आपण सोसायटीच्या ग्रुपवर भांडतो तसं तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला शिवी दिलीस तर गुन्हा दाखल होतो. परवानगीशिवाय दुसऱ्याचे फोटोही नकोत.

मला हट्टी म्हणतेस, म्हण. काहींना हे वेळेत सांगता आलं नाही, ते सलतं. म्हणून तुला तेच परत सांगतो: पासपोर्ट तुझ्याकडे. मैत्रिणींनी दिलाय म्हणून तू देऊ नकोस.

ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी मला पाठव. एकूण आकड्याला भुलू नकोस, मूळ पगार किती ते शोध. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे 21 दिवसांची ग्रॅच्युइटी मिळते, ती त्यावरच काढतात. भत्ते फुगवून मूळ पगार कमी लिहिला असेल तर सहीआधीच वाढवून माग.

तुझा काका