गालगुंड, मंगनबावू की अवधाण?

खानापूरहून एका ताईंनी विचारलंय: मुलीच्या जबड्याखाली सूज आहे, ताप आहे, 'गिळताना दुखूलंय' म्हणते. सासूबाई म्हणतात गालगुंड, शेजारची कन्नड काकू म्हणते मंगनबावू, माहेरची आजी म्हणते अवधाण. शाळेच्या रजेच्या अर्जात लिहू काय?

पहिले दोन शब्द एकाच दुखण्याचे. कन्नडात मंग म्हणजे माकड, बावू म्हणजे सूज. शेंगा हिसकावून गालाच्या थैल्यांत कोंबून बसलेलं माकड आपल्याकडे कुणी पाहिलेलं नाही? तसा चेहरा होतो म्हणून हे नाव. मराठीने नुसतं गालावर भागवलं. मला कन्नड नाव जास्त बोलकं वाटतं. फक्त ते 'मंगन कायिले'शी जोडू नका. ते माकडताप, 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेलं, गोचिडीतून येणारं वेगळंच प्रकरण.

अवधाण मात्र यात बसत नाही, आणि मला खरं बोलायचंय ते त्याच्याबद्दल. लहानपणी भाताच्या खाचरात अनवाणी हुंदडताना पायात काटा मोडला होता. दोन दिवसांनी जांघेत सुपारीएवढी गाठ, चालता येईना. मी रडत गाठ दाखवली, तर आजीने तिकडे बघितलंसुद्धा नाही. 'अवधाण आलंय, पाय कर बघू इकडं,' म्हणाली आणि सुई घेऊन काटा काढायला बसली. अवधाण म्हणजे दुसरीकडच्या जखमेपायी उठलेली गाठ. पायाला लागलं तर जांघेत, हाताला लागलं तर काखेत. शब्दातच निदान आहे: गाठ इथे, दुखणं तिथे. शेवटचा ण सांभाळा बरं का, न केलात तर कीर्तनकार श्रोत्यांकडे मागतात ते अवधान होईल.

जबड्याखालच्या गाठीलाही हेच लागू. किडलेली दाढ, सुजलेले टॉन्सिल, उवांनी खाजवून चिघळलेलं डोकं, यांतलं काहीतरी बहुतेक सापडतं. डॉक्टर तिला लसिकाग्रंथी म्हणतील, आपल्या गल्लीत गाठ किंवा गंटू. गालगुंडाची सूज असते लाळेच्या ग्रंथीला, मुख्यतः कानाच्या पुढे-खाली. कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते, जबड्याचा कोपरा बोटाला लागत नाही, आणि चिंच तोंडात टाकली की कळ येते. कधी जबड्याखालच्या लाळग्रंथीही सुजतात, तिथेच घोटाळा होतो. म्हणून ताप आहे तर शब्द ठरवायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

गंडमाळ हा चौथा शब्द कुणी सुचवला तर तो सहज वापरू नका. मानेत माळेसारख्या, महिनोन् महिने राहणाऱ्या गाठींना तो म्हणतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात लगेच क्षय येतो.

अर्जाचं म्हणाल, तर डॉक्टरांनी गालगुंड म्हटलं तर तेच लिहा. शाळा कन्नड असेल तर मंगनबावू. तो संसर्गजन्य आहे, सूज आल्यापासून पाच दिवस तरी मुलीला घरीच ठेवा. सरकारी डोसात गोवर-रुबेलाची लस असते, गालगुंडाची नसते, तेव्हा 'सगळे डोस झालेत' यावर जाऊ नका. आणि गाठच निघाली, तर 'घशाला सूज व ताप' एवढं पुरे. अवधाण लिहिलंत तर बाई तुम्हालाच बोलावून अर्थ विचारतील.