हिशोब आधी वस्तीत वाच

तुझा लांबलचक मेसेज वाचला. तुझ्या संस्थेच्या देणगीदार कंपनीला आकड्यांचा डॅशबोर्ड पाहिजे, विश्वस्त म्हणतात फोटो वाढव, आणि गावच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की संस्थावाले पैसे खातात, म्हणून तू गोंधळलीयस. तू प्रामाणिक आहेस हे मला माहिताय, त्यामुळं धीर देत बसत नाही. एकच सांगतो, हिशोब आधी वस्तीत वाच. कंपनीला, फेसबुकला नंतर.

तू म्हणशील, धर्मादाय आयुक्तांकडं ऑडिट जातंच की. जातं, गेलंच पाहिजे, ताळेबंद परिशिष्ट ८ मध्ये, जमाखर्च ९ मध्ये, सगळं रीतसर. पण त्यातून पैसा कुठं गेला एवढंच कळतं, त्यानं झालं काय ते कुठंय त्यात? आणि जिच्या नावावर खर्च पडलाय त्या बाईनं तो कागद कधी बघितलाय?

२०१९ च्या महापुरात कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांवर गेलेलं, मग मदतीची रीघ लागली. शिरोळकडच्या एका गावात आम्ही शिलाई मशीन दिल्या, अजून दोन संस्थांनी पण दिल्या, तिघांचेही लाभार्थी रिपोर्टात झकास दिसले. वर्षानं गेलो तर अख्खी गल्ली टेलर, शिवून घेणार कोण? काहींनी मशीन विकल्या, एकीनं त्या पैशात शेळी घेतली आणि तिचं बरं चाललेलं. किती चालू, किती विकल्या, का विकल्या, हे सगळं मी समाजमंदिरात माईकवर वाचलं. तेव्हा मागनं एक मावशी उठली, "मशीन कुणी मागितलीती? पोरांची दप्तरं व्हावून गेली ते कुणी इचारलंच न्हाई." हे वाक्य कुठल्या फॉर्ममध्ये आलं असतं सांग?

एक जुना सहकारी त्यावरनं संस्था सोडून गेला, म्हणाला आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. एका मोठ्या देणगीदारानंही हात आखडला. मित्र तुटला त्याचं अजून वाईट वाटतं, वाचलं त्याचं नाही. हेकट म्हणतात मला, म्हणू देत. दुसऱ्या वर्षी त्याच गावातनं लोकांनी स्वतःहून देणगीच्या पावत्या फाडल्या, छोट्या छोट्या, पण फाडल्या.

आता तुझा तो डॅशबोर्ड. अगं, कोल्हापुरात पंचगंगा ३९ फूट म्हटलं की शेंबड्या पोराला पण कळतं इशारा पातळी आली, ४३ म्हटलं की धोका, जनावरं हलवा. आकडा असा पाहिजे, ऐकून माणूस उठून कामाला लागला पाहिजे. 'एकूण लाभार्थी' ऐकून कोण काय करणार? तू मोज की, किती मुली जूनमध्ये शाळेत आल्या आणि दिवाळीनंतरही टिकल्या, ज्या गेल्या त्या का गेल्या. आणि ते वस्तीत वाच.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटननं १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या, हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्यानं वाचली, लोकच उठून सांगायचे हा माणूस कामावर नव्हताच. त्याच रेट्यातनं पुढं २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आला. सरकारला जाब विचारताना आपण सगळे पुढं, आणि आपली पाळी आली की पीडीएफ! मला संताप येतो ह्याचा.

फक्त कुणाचं आजारपण, कुणाचं कर्ज नाव घेऊन वाचायचं नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझा पगार पण वाच. ऑफिसचं भाडं, गाडीचं डिझेल, सगळं. काम करतेस तर पगार घेतेस, त्यात लपवायचं काय? आपण लपवतो म्हणूनच लोकांना वाटतं की समाजसेवा फुकटात होते आणि पगार घेणारा चोर.

त्या ग्रुपवाल्याला तिथं उत्तर देत बसू नकोस. त्याला बैठकीला बोलाव, बिलांची फाईल त्याच्याच हातात दे आणि त्यालाच वाचायला लाव. विश्वस्त कुरकुरतील, त्यांना माझा नंबर दे. तारीख ठरली की कळव, माईक आणि सतरंज्यांचं मी बघतो.