संस्थास्तरावरच्या प्रवेशाची पहिली याचिका

पक्षकार येतो आणि "कॉलेजनं डावललं" एवढंच सांगतो. लगेच मसुदा लिहायला बसू नकोस. आधी विचार, जागा कॅप फेरीतली, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतली, की संस्थास्तरावरची, म्हणजे कॉलेजनं स्वतः भरायची? संस्थास्तर म्हणजे संस्थाचालकांची मर्जी, हा समज आपल्याकडे भलताच पक्का आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या पी. ए. इनामदार निकालापुढं तो टिकत नाही. विनाअनुदानित संस्थेला प्रवेशाचा हक्क आहे, पण प्रक्रिया न्याय्य, पारदर्शक आणि गुणवत्तेवर हवी. अल्पसंख्याक संस्थाही त्यातून सुटत नाहीत. २०१६ च्या मॉडर्न डेंटल निकालानं सामाईक परीक्षा आणि शुल्कनियंत्रणही उचलून धरलं.

मग कागद. अर्जाची तारीख-वेळेसह पोच, जाहिरात, गुणवत्ता यादी. संकेतस्थळावरचं पान त्याच दिवशी छापून घे, कारण यादी गुपचूप बदलते. अर्ज हातात घेतच नसतील तर ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही कर. प्रवेश नियामक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार आधी जाऊ दे, नाहीतर कोर्टाचा पहिला प्रश्न तोच येतो.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे कमी गुणांवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला प्रतिवादी न करणं. त्याला ऐकल्याशिवाय त्याची जागा कोण काढून देणार?

आणि उशीर करू नकोस. प्रवेशाची अंतिम तारीख उलटली की चांगली केसही लंगडी पडते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोर आहे, त्यामुळं मुंबईच्या फेऱ्यांची सबब आता चालत नाही.