जिन्यांची चित्रं का गाळलीस?

"ताई, मी आर्ट अँड डिझाइनच्या फाउंडेशन इयरला आहे. आता वर्गात सगळेच 'आपली स्टाइल' म्हणून काहीतरी दाखवायला लागलेत. माझ्या मैत्रिणीचं काम लांबूनही ओळखू येतं, जाड काळी लाइन आणि दोनच रंग. माझं काम बघून सर म्हणाले, 'नीटनेटकं आहे, पण यात तू मला कुठे दिसत नाहीस.' तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. वॉटरकलर, कोलाज, लिनोकट, डिजिटल सगळं करून झालं. दर आठवड्याला नवीन आर्टिस्ट आवडतो आणि माझं काम त्याच्यासारखं दिसायला लागतं. मेहनतीत मी कमी पडत नाही, सबमिशनच्या आधी अख्खं स्केचबुक परत फेअर करते, आई बिचारी माझ्यासोबत जागते, पानं कापून चिकटवून देते. फेअर करताना बरंच गाळावं लागतं, उगाच काढलेले जिने वगैरे, ते ब्रीफमध्ये, म्हणजे दिलेल्या कामात, बसत नाहीत. एवढं करूनही माझी क्रिएटिव्ह आयडेंटिटी का सापडत नाही? पुढच्या आठवड्यात क्रिट आहे, म्हणजे सगळ्यांसमोर काम मांडून त्यावर चर्चा, वर्षाच्या शेवटी पोर्टफोलिओ देऊन स्पेशलायझेशन निवडायचंय. तोपर्यंत स्टाइल कशी शोधू?"
— गोंधळलेली

आधी मला सांग, ते जिने कुठे आहेत?

मैत्रिणीच्या जाड लाइनबद्दल तू लिहिलंस, सरांचं वाक्य तर जसंच्या तसं उतरवून काढलंस, आणि जिन्यांना मिळालं जेमतेम अर्धं वाक्य, तेही 'उगाच' आणि 'वगैरे' लावून. अगं पण अख्ख्या पत्रात कुणी न सांगता तू केलेली गोष्ट ती एकच आहे! वॉटरकलर केलंस कारण बहुतेक तो आठवडा वॉटरकलरचा होता, लिनोकट आला असेल मॉड्यूल म्हणून, कोलाज कुठल्यातरी ब्रीफसाठी. जिने कुणी मागितले नव्हते, त्यांना मार्क नव्हते, तरी तुझा हात तिकडे गेला, आणि तू 'जिना' नाही 'जिने' लिहिलंयस म्हणजे एकदा गेला नाही, परत परत गेला. मग सबमिशनच्या आदल्या रात्री तू नेमकी तीच पानं बाजूला काढलीस, आणि आता विचारतेयस की मी सरांना का दिसत नाही. कशी दिसशील? जिथे जिथे तू होतीस तिथे तिथे कात्री चालवलीयस.

मला राग आलाय तो त्या फेअर करण्याचा, आणि तो मी लपवणार नाही. तू ते मेहनत म्हणून सांगतेस, कौतुकाच्या अपेक्षेने सांगतेस, आणि मला त्यात फक्त वाया गेलेल्या रात्री दिसतात. फेअर केलेलं स्केचबुक शिकवणाऱ्या माणसाला दोन-चार पानांतच कळतं गं. सहा थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, असतात, सगळे चौकोन एका मापाचे, सगळे एकाच पेनने एका बैठकीत काढलेले, आणि त्यातल्या एकावर टिक. उरलेले पाच मुद्दाम जरा वाईट काढलेले असतात कारण फायनल आधीच तयार आहे आणि त्यालाच जिंकवायचंय. कुठे एक लाइन चुकली म्हणून तिच्यावरच दुसरी मारलेली नाही, मार्करची शाई पानाच्या मागे फुटलेली नाही, एखादी कल्पना चार पानं दमात चालली आणि पाचव्या पानावर मेली असं कुठे काही नाही. सगळं सरळ रेषेत, पहिल्या पानावर प्रश्न आणि शेवटच्या पानावर उत्तर. असा विचार कोणीच करत नाही, तूही केला नव्हतास, मग ते कागदावर का आणायचं? स्केचबुक मागतात ते याचसाठी की तुझा विचार कुठे अडला आणि कुठे वळला हे समोरच्याला दिसावं. तू त्यांना वळणं काढून टाकलेला रस्ता देतेयस.

पिकासोच्या 'गेर्निका' या चित्राबद्दल तुम्हाला शिकवलं असेलच. २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले, १ मे ला त्याने पहिली स्केचेस केली, आणि ती आजही तारखांसकट बघायला मिळतात, चित्र कॅनव्हासवर कसं कसं बदलत गेलं त्याचे फोटो डोरा मार या फोटोग्राफर बाईने काढून ठेवलेत. त्यातल्या सुरुवातीच्या एका फोटोत खाली पडलेल्या सैनिकाचा हात सरळ वर आहे, मूठ आवळलेली. शेवटच्या चित्रात ती मूठ नाही, त्याने काढून टाकली. आता विचार कर, ती वर केलेली मूठ हा किती सोपा, किती जोरकस उपाय होता, आणि तो त्याने सोडला. मला तर त्या एका सोडलेल्या मुठीतून तो माणूस जेवढा कळतो तेवढा पूर्ण झालेल्या चित्रातूनही कळत नाही. ती मूठ आपल्याला दिसते कारण मधल्या टप्प्यांवर कोणी पांढरा रंग फासून ठेवला नाही. तुझ्या फेअर वहीत ती मूठ पहिल्याच रात्री गेली असती.

आणि आईला बिचारी म्हणणं सोड. तिची माया खरी आहे, मला त्याबद्दल शंका नाही, पण रात्री जागून ती जे करतेय ती मदत नाहीये. पानं चिकटवताना 'हे जरा घाण दिसतंय बघ' असं तिच्या तोंडून कधीतरी निघालं असणार आणि ते पान गेलं असणार. तिचा डोळा स्वच्छतेचा आहे, आईचा असतोच, पण तुझं काम त्या डोळ्याला आवडण्यासाठी नाहीये. तिला हे माहीत नव्हतं, ठीक आहे, तुला आता माहीत झालंय तर तूच तिला सांग, प्रेमाने सांग पण सांगच, की यापुढे झोपायला जा.

मैत्रिणीचं म्हणशील तर तिची जाड लाइन तिच्यापाशी. टिकली तर टिकेल, पुढच्या वर्षी कंटाळून सोडूनही देईल, तुझा त्याच्याशी काही संबंध नाही. दर आठवड्याला नवीन आर्टिस्ट आवडतो यातही घाबरण्यासारखं काही नाही, या वयात नाही आवडायचे तर कधी. व्हॅन गॉगने शेवटच्या दोन वर्षांतसुद्धा मिले या त्याच्या आधीच्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून चित्रं केली, त्याच्याकडे होत्या काळ्या-पांढऱ्या छापील प्रती आणि रंग सगळे त्याने आपल्या मनाने घातले, आज ती चित्रं बघून कोणी म्हणत नाही की ही मिलेची. म्हणजे दुसऱ्याचं घेतल्याने काही बिघडत नाही, फक्त तू घेतेस तेव्हा विषयही त्याचा, रंगही त्याचे, सगळंच त्याचं असतं. पुढच्या वेळी कोणी आवडला की त्याच्या पद्धतीने तुझा जिना काढून बघ. जिथे त्याची पद्धत तुझ्या जिन्याला पुरणार नाही तिथे तुला काहीतरी स्वतःचं करावं लागेल.

आता ते वर्षाच्या शेवटापर्यंत स्टाइल शोधायचं. हे तुझ्या डोक्यात कोणी घातलं मला माहीत नाही पण फाउंडेशन त्यासाठी नसतंच. आज जगभर जे फाउंडेशन शिकवतात त्याची एक मोठी मुळी १९१९ साली जर्मनीतल्या वायमारमध्ये सुरू झालेल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेच्या सुरुवातीच्या कोर्समध्ये आहे. योहानेस इटेनने तो सुरू केला, तिथे मुलं लाकूड, तार, काच, कापड असलं काहीही हातात घेऊन नुसतं बघायची की हे खरखरीत आहे, हे गुळगुळीत आहे, हे एकमेकांशेजारी ठेवल्यावर काय होतं. पुढे १९२३ पासून जोसेफ अल्बर्स शिकवायला लागला, तो मुलांना कागद द्यायचा आणि सांगायचा की कमीत कमी वाया घालवून यातून काहीतरी उभं करा. घडी घाला, कापा, आणि बघा कागद स्वतः काय करू शकतो. महत्त्व होतं ते बघण्याला. आणि हाच अल्बर्स, ज्याने इतक्या मुलांचं फाउंडेशन घेतलं, त्याची स्वतःची जी ओळख आज सगळ्यांना माहितीय, चौकोनात चौकोन, रंगात रंग, ती मालिका त्याने १९५० च्या सुमारास सुरू केली. जन्म १८८८ चा, म्हणजे साठी आलेली होती! आणि मग १९७६ मध्ये जाईपर्यंत तो तेच करत राहिला. तू अजून विशीतही नसशील आणि तुला पोर्टफोलिओच्या तारखेआधी हवंय.

पण जिने आहेत. हे मी परत परत म्हणतेय कारण मला खरंच त्यांची काळजी वाटतेय, तू ती पानं फेकली नसशील अशी आशा आहे. आपल्या प्रभाकर बरव्यांची चित्रं बघ, घड्याळ, झाडाचं पान, ढग, रोज डोळ्यांसमोर असलेल्या साध्या गोष्टी, त्याच पुन्हा येतात आणि दरवेळी वेगळ्या होऊन येतात. त्यांच्या डायऱ्यासुद्धा नंतर प्रदर्शनात लोकांना बघायला मिळाल्या, कच्ची रेखाटनं आणि शेजारी नोंदी. जिना हा घड्याळापेक्षा काही कमी विषय नाही.

सगळ्या वह्यांमधले जिने शोध आणि जमिनीवर पसर, आधीचे आधी, नंतरचे नंतर. आणि त्यांच्याकडे अशी बघ जणू ते कोणा अनोळखी मुलीने काढलेत. ही मुलगी कुठे उभी राहून काढते? वर उभी राहून खाली बघते का खालून वर, जिथून पायऱ्यांची पोटं दिसतात आणि कठडा डोक्यावरून निघून जातो? जिन्यावर कोणी आहे का, का फक्त कोणीतरी आत्ताच चढून गेल्यासारखं वाटतं? तिने पायऱ्या अर्ध्यावर सोडल्यात आणि वळणावर मात्र पेन्सिल दाबून दाबून चालवलीय का? बघशील तर तुझ्या स्पेशलायझेशनच्या प्रश्नालाही यातच काहीतरी सापडेल. कठड्याचा सांधा कसा बसलाय, वजन कुठे उतरतं, पायरी झिजलीय ती पायाच्या कोणत्या जागी, याच्यात तू रमली असशील तर तुझा ओढा वस्तू आणि जागा घडवण्याकडे आहे, प्रॉडक्ट, इंटिरिअर त्या बाजूला. उजेडाची पट्टी, सावलीची पट्टी, परत उजेड, ही लयच तुला खेचत असेल तर टेक्स्टाइल आणि ग्राफिकवाले हाच खेळ रोज खेळतात. आणि वर कोण गेलं, दार उघडलं का नाही, असं काहीतरी तुझ्या मनात चालू असेल तर तू गोष्ट सांगणारी आहेस, इलस्ट्रेशन किंवा अ‍ॅनिमेशनच्या वर्गात जाऊन बसून बघ. यातलं काहीच नसेल आणि चौथंच काहीतरी निघालं तर फारच छान. पण लगेच त्याला नाव देऊन टाकू नकोस, 'माझं काम ट्रान्झिशनबद्दल आहे' असलं वाक्य तर अजिबात लिहू नकोस, ते एकदा लिहिलं की पुढचे सगळे जिने तू त्या वाक्यासाठी काढशील.

तर करायचं एकच. पुढच्या आठवड्यातल्या क्रिटला कच्ची वही घेऊन जा. फेअर नाही करायची, दोन्ही वह्याही न्यायच्या नाहीत, कारण दोन्ही नेल्यास तर ऐनवेळी फेअर पुढे करशील आणि कच्ची बॅगेतच राहील, मला माहीत आहे. जी पानं कापली असतील ती होती तिथे परत चिकटव, वाकडी चिकटली तर वाकडी. सरांनी विचारलं हे जिने कशाचे तर म्हण, "माहीत नाही सर, पण मी सारखे काढते." एवढंच म्हण आणि गप्प बस, थिअरी मांडू नकोस. भीती वाटेल, हात गार पडतील, कदाचित वर्गात कोणी हसेलही. नीटनेटकेपणाचे मार्कही जातील आणि जाऊ देत, त्या मार्कांनी आत्तापर्यंत तुला काय दिलं ते तूच पत्रात लिहिलंयस.

क्रिट झालं की मला लिही, सर कुठल्या पानावर थांबले आणि त्यांनी काय विचारलं ते सांग.